पौर्णिमा झाली, पण चंद्र उगवला नाही



आमच्या वस्तीतल्या आक्कांचा धाकटा मुलगा परदेशी प्रवासी जहाजावर भटारखान्यात कामाला आहे. २०२५ च्या वैशाख पौर्णिमेला, म्हणजे १२ मे रोजी, त्याचे जहाज नॉर्वे देशातल्या ट्रॉम्सो या शहराच्या बंदरात होते. आक्कांनी विहारातून आल्यावर खीर केली, मेणबत्त्या लावल्या. दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला. बोलता बोलता तो म्हणाला, "आई, रात्री डेकवर जाऊन चंद्र शोधला, पण दिसलाच नाही. आभाळ स्वच्छ होतं, तरी नाही."

झाले! शेजारणीने लगेच सांगितले, हा अपशकुन आहे, पोराला परत बोलवा. आक्का दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. आठ महिन्यांचा करार, त्यावर घराचे कर्ज फिटायचे, आणि मुलाला अर्ध्यातून बोलवायचे की काय, इथपर्यंत गोष्ट आली. मग त्या आमच्याकडे आल्या. "भाऊ, तुम्ही शिकलेले. पुनवेला चंद्र उगवत नाही, असं कुठं होतं का?"

आम्ही पडलो बी.कॉम. हिशेबाचा माणूस. कचेरीतल्या एका सहकाऱ्याच्या संगणकावर ट्रॉम्सोचा मे महिन्याचा चंद्रोदय-चंद्रास्ताचा तक्ता काढला. पाहतो तर काय, १२ मेच्या संध्याकाळनंतर पुढचे पाच-सहा दिवस उगवण्या-मावळण्याचे रकाने कोरे. मुलगा खरे बोलत होता.

रात्री आक्कांच्या घरी नातवाचा चेंडू आणि बल्ब घेऊन बसलो. पौर्णिमा म्हणजे काय? पृथ्वीच्या एका बाजूला सूर्य आणि बरोबर दुसऱ्या बाजूला चंद्र. हे सगळ्या जगासाठी एकाच क्षणी घडते. त्या दिवशी तो क्षण आपल्या घड्याळात रात्री साडेदहाच्या सुमारास आला, ट्रॉम्सोत तेव्हा संध्याकाळचे सात वाजत होते. म्हणजे पौर्णिमा तिथेही झालीच. पण चंद्र उगवणे ही वेगळी बाब. ती आपण पृथ्वीच्या गोळ्यावर कुठे उभे आहोत त्यावर ठरते.

मुंबई विषुववृत्तापासून उत्तरेला १९ अंशांवर आहे. म्हणून इथे चंद्र रोज उगवतो व रोज मावळतो. पौर्णिमेला सूर्य बुडताना उगवतो, पुढे रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा, वद्य अष्टमीला मध्यरात्रीच्या सुमारास, आणि अमावास्येला सूर्याबरोबरच येतो-जातो, म्हणून दिसत नाही. ट्रॉम्सो मात्र जवळजवळ ७० अंशांवर, ध्रुववृत्ताच्याही पलीकडे आहे. तिथे मे महिन्याच्या उत्तरार्धात सूर्य मावळणे बंद होते आणि जुलैच्या उत्तरार्धापर्यंत तो चोवीस तास आकाशात असतो. उन्हाळ्यात सूर्य उत्तरेकडे सरकलेला असतो. पौर्णिमेचा चंद्र त्याच्या समोरच्या बाजूला, म्हणजे खाली दक्षिणेकडे. इतका खाली, की ट्रॉम्सोच्या क्षितिजाच्या वर तो येतच नाही. आपल्या इथूनही हे थोडेफार कळते. वैशाख-ज्येष्ठातला पौर्णिमेचा चंद्र मध्यरात्री दक्षिणेला कललेला असतो, मार्गशीर्षातला जवळजवळ डोक्यावर. गच्चीवर झोपणाऱ्यांनी पडताळून पाहावे.

गंमत पुढेच आहे. त्याच महिन्यात २७ मेच्या सुमारास, अमावास्येला, ट्रॉम्सोचा चंद्र दिवस-रात्र क्षितिजाच्या वर होता. मावळतच नव्हता. पण सूर्याच्या जवळ, आणि सूर्यही न मावळणारा, तेव्हा दिसणार कसा? पुनवेला गैरहजर आणि अवसेला चोवीस तास हजर! अमावास्येला कामाला हात न लावणाऱ्यांनी त्या गावी काय करावे, हे त्यांचे त्यांनीच ठरवावे.

आक्कांनी एक शंका काढली, ती आम्हाला फार आवडली. "मग दरवर्षीच तिथं असं होतं का?" नाही. चंद्राची कक्षा सूर्याच्या वाटेशी सुमारे पाच अंश तिरकी आहे, आणि हा तिरकेपणा हळूहळू फिरत १८.६ वर्षांत एक फेरी पुरी करतो. २०१५ च्या आसपास चंद्र महिन्याभरात विषुववृत्ताच्या उत्तरेस व दक्षिणेस फक्त साडेअठरा अंशांपर्यंत जात होता. ट्रॉम्सोत चंद्र दिसेनासा व्हायला वीस अंशांच्या वर लागतात. म्हणून तेव्हा तो तिथे महिनाभर रोज उगवत व मावळत होता. ४ मे २०१५ च्या वैशाख पौर्णिमेला तो उगवला होता. २०२५ मध्ये मात्र तो साडेअठ्ठावीस अंशांपर्यंत जाऊ लागला, म्हणून दर महिन्यात सुमारे सहा दिवस गायब आणि सुमारे सहा दिवस न मावळणारा. २०३४ च्या सुमारास पुन्हा रोजची उगव-मावळ असेल.

आक्कांना एवढे आकडे पटले की नाही, सांगता येत नाही. पण चेंडू बल्बासमोर धरून त्यांनी स्वतः दोनदा फिरवून पाहिला, आणि मुलाला परत बोलावण्याचा विषय तिथेच थांबला. करार पुरा होऊ द्यायचे ठरले.

४ डिसेंबर २०२५ ला मार्गशीर्ष पौर्णिमा होती. जहाज पुन्हा ट्रॉम्सोतच होते. तिथे नोव्हेंबरअखेरीपासून सूर्य उगवणे बंद झालेले, आणि चंद्र मात्र पौर्णिमेच्या आगेमागे काही दिवस मावळायचे नावच घेत नव्हता, आकाशात गोल फिरत होता. आपल्याकडे रात्रीचे साडेआठ, तिथे दुपारचे चार. मुलाने डेकवरून फोनमधून चंद्र दाखवला, काळ्या पाण्यावर, ईशान्येच्या बाजूला. आक्का गॅलरीत आल्या, पूर्वेला मान वर करून आपला चंद्र बघितला, मग फोनमधला बघितला, आणि शेजारणीच्या दाराची कडी वाजवली.

"अगं बाहेर ये. तुला काय दाखवायचंय ते बघ."