मसोतं आणि 'काही नाही'

आमच्या बेळगाव-निपाणी भागात जुन्या लुगड्यांची वाकळ शिवतात. कन्नड शेजारी तिलाच कौदी म्हणतात. वाकळीतून उरलेल्या तुकड्यांची आई मसोती शिवते, गरम पातेलं उतरवायला. परवा एका प्रदर्शनात तसलंच मसोतं 'हॅण्डमेड' म्हणून मांडलेलं दिसलं. किंमत बघून आई हसली, "मी तर उगी बसल्या बसल्या शिवतो की गं!"

मला हे 'उगी' पटत नाही. आई कापड सुतीच घेते, कारण टेरिकॉट तापलं की वितळतं. पदर चार-पाच, कारण त्यांच्यात अडकलेली हवा आच अडवते. ते सरकू नयेत म्हणून जवळजवळ धावदोरा. आणि ओल्या मसोत्यानं भांडं धरायचं नाही, हात भाजतो. हे ज्ञान नाही तर काय?

हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायकांच्या कौद्यांना आज कला म्हणून मान मिळतोय. त्यांतल्या ख्रिस्ती बायका कौदीवर क्रूसही शिवतात. हा मान योग्यच आहे. पण शिवण भिंतीवर टांगली तरच कला आणि चुलीपाशी असली तर रिकामपण, असं का?

फॉर्मवर 'आईचा व्यवसाय' यापुढे मीही तीन वर्षं 'काही नाही' लिहिलं. गेल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर पहिलं मसोतं शिवायला बसले. दोनदा सुई टोचली, कडा वाकडी गेली. आता तो रकाना तसा भरवणार नाही.

मंडळातल्या मित्रांनो, तुम्हीसुद्धा एक शिवून बघा. हो, मुलांनीही.