ई-स्कूटर तेलगावात परवडते, पण धूर जातो कुठे?

तेलगाव-माजलगाव रोज ये-जा करणार असाल, तर ई-स्कूटर घ्याच. 3 किलोवॉट-अवरची बॅटरी साडेतीन युनिटांच्या आसपास भरते. तेवढ्या पैशांत अर्धा लिटर पेट्रोलही जेमतेम येते. बीडला जाऊन येताना मात्र डबलसीट, भर उन्हात कागदावरची रेंज धरून चालू नका.

2022 मधील आगींनंतर बॅटरीचे नियम कडक झाले. तरी उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका आणि आधी घरातील अर्थिंग तपासा.

प्रदूषणाचे गणित अवघड आहे. शेजारच्या परळीत 250 मेगावॉटचे 3 संच कोळशावर चालतात. 2013 मध्ये पाण्याअभावी हे केंद्र बंद पडले होते. कोळशाच्या 1 युनिटमागे सुमारे 1 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, 1 लिटर पेट्रोलमागे 2.3 किलो. म्हणजे नुसत्या कोळशाच्या विजेवर फायदा किरकोळच. छतावर सोलर असेल, तर गोष्ट वेगळी.