कोटेशनवर मॉडेल नंबर लिहा

दहावी-बारावीचे निकाल लागले की ठाण्याच्या गोखले रोडपासून कल्याणच्या शिवाजी चौकापर्यंत आपल्या सगळ्यांच्या काउंटरवर एकच मागणी सुरू होते : मुलाला गेमिंग पीसी करून द्यायचाय. बजेट ६०-७० हजार. मुलगा यूट्यूब पाहून पार्ट्सची यादी घेऊन येतो. वडील दोन-तीन दुकानांची कोटेशनं व्हॉट्सअ‍ॅपवर मागवतात आणि सर्वांत खालच्या आकड्यावर बोट ठेवून निर्णय घेतात. असेंबल केलेला संगणक त्या घरात पहिल्यांदाच येत असतो. कोटेशनमधली कुठली ओळ कापली तर पुढे काय होईल, हे त्या घरात कुणाला ठाऊक नसतं. ते आपल्याला ठाऊक असतं. म्हणून या महिन्याचं संपादकीय आपल्या व्यवसायातल्या मंडळींसाठीच लिहितो आहे.

यंदा हा विषय तातडीचा झाला तो रॅममुळे. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या कंपन्यांनी एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीकडे उत्पादन वळवलं आणि २०२५च्या अखेरच्या महिन्यांत डीडीआर५ रॅमचे भाव दुपटीहून वर गेले. डीडीआर४चं उत्पादन आटत असल्याने जुन्या प्लॅटफॉर्मवर जाऊनही सुटका होत नाही. डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉनने क्रुशियल या नावाचा किरकोळ ग्राहकांसाठीचा धंदाच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. ग्राहकाचं बजेट मात्र गेल्या वर्षीएवढंच आहे. मग रॅमचे वाढलेले पैसे काढायचे कुठून? प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाची नावं मुलगा पाठ करून आलेला असतो, त्यांना हात लावता येत नाही. रंगीत दिव्यांचे पंखे काढले तर तो हिरमुसतो. उरतात दोन ओळी, मदरबोर्ड आणि एसएमपीएस. कात्री तिथेच लागते आणि ती ग्राहकाला दिसत नाही, कारण कागदावर फक्त ‘४५० वॅट एसएमपीएस’ एवढंच लिहिलेलं असतं.

या ओळीपाशी जरा थांबायला हवं. स्वस्तातल्या एसएमपीएसचा डबा हातात घ्या आणि बाजूचं लेबल वाचा. वर ठळक अक्षरांत ४५० असतं. खाली बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपियर छापलेलं असेल, तर १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड आपली जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात. उरलेले वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या खात्यात दाखवलेले असतात, त्यांचा गेमिंगच्या मशीनला फारसा उपयोग नाही. आता दुसऱ्या बाजूचा हिशेब करा. आरटीएक्स ५०६० कार्डाला १४५ वॅट लागतात, रायझन ५ ७६०० पूर्ण भाराला ८८ वॅटपर्यंत जातो, बोर्ड, पंखे आणि एसएसडी धरले की मशीन २८०च्या आसपास पोचतं. त्या १९२ वॅटच्या डब्याला ग्राफिक्स कार्डाची आठ पिनांची वायरही नसते. मोलेक्सचं कन्व्हर्टर लावून ती ‘तयार’ केली जाते. दुकानात विंडोज चढते, डेस्कटॉप येतो, ग्राहक समाधानाने जातो. घरी तासभर गेम चालला की मशीन आपोआप रीस्टार्ट होतं. मग विंडोज पुन्हा टाकली जाते, रॅम बदलून पाहिली जाते, कार्डावर संशय घेतला जातो. खरा गुन्हेगार त्या डब्यातच बसलेला असतो, आणि एखाद्या दिवशी जाताना तो बोर्डही घेऊन जातो.

या जोडणीला ८० प्लस ब्राँझचा, पाच वर्षांच्या वॉरंटीचा ५५० वॅटचा सप्लाय पुरतो. एनव्हिडियानेही या कार्डासाठी ५५० वॅटचीच शिफारस केली आहे. ८५० वॅटचा विकून ग्राहकाचे पैसे अडकवायचं कारण नाही. एक लक्षात असू द्या : ८० प्लस हे शिक्के वीज किती वाया जाते याबद्दल बोलतात. ब्राँझ म्हणजे ११५ व्होल्टच्या चाचणीत निम्म्या भाराला किमान ८५ टक्के कार्यक्षमता. शॉर्टसर्किट किंवा जादा व्होल्टेज आलं तर सप्लाय स्वतःला आणि बोर्डाला वाचवेल की नाही, याची हमी त्या शिक्क्यात नाही. त्यासाठी संरक्षणांची यादी आणि वॉरंटीची वर्षं पाहावी लागतात. म्हणूनच कोटेशनवर कंपनी आणि पूर्ण मॉडेल नंबर हवा. तो लिहिला की ग्राहकाला दोन दुकानांची खरी तुलना करता येते, आणि चांगला माल देणाऱ्या दुकानदाराचं कोटेशन दोन हजारांनी जास्त का आहे, हे त्याला समजावता येतं.

सप्लाय उत्तम असला तरी भिंतीतला पॉइंट धड असेलच असं नाही. नौपाड्यातल्या, डोंबिवलीच्या टिळकनगरातल्या किंवा कल्याणच्या पारनाक्याजवळच्या जुन्या इमारतींत इन्स्टॉलेशनला गेलेल्यांना हे माहीत आहे. सॉकेट तीन पिनांचं असतं, पण अर्थच्या भोकामागे वायरच नसते, किंवा असली तरी मीटरच्या खोलीत कुठेतरी लोंबकळत सुटलेली असते. अनवाणी पाय लादीवर, हात कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूवर, आणि बोटांना मुंग्या. टेस्टर लावला की त्याचा दिवा मंद लाल पेटतो. ग्राहक म्हणतो, ‘पीसी शॉक मारतोय’, आणि आपला माणूस एसएमपीएस बदलून देतो. नवा लावला तरी मुंग्या येतातच, कारण यात एसएमपीएसचा दोष नसतो. प्रत्येक चांगल्या सप्लायच्या तोंडाशी फिल्टर असतो. त्यातला एक कपॅसिटर फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून बॉडीला जोडलेला असतो. अर्थ असेल तर तिथली किंचित गळती जमिनीत जाते. अर्थ नसेल तर बॉडी दोहोंच्या मध्ये, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगते. करंट अगदी थोडा असतो, जीव जात नाही, पण त्याच अवस्थेत सेट-टॉप बॉक्स जोडलेल्या टीव्हीला एचडीएमआय केबल लावली की पोर्ट जळतो, आणि कार्ड वॉरंटीला गेलं की ‘बर्न’ म्हणून परत येतं.

मल्टिमीटर घेऊन दोन मिनिटांत तपासता येतं. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ ही दोन्ही मापं जवळजवळ सारखी हवीत; न्यूट्रल-अर्थमध्ये एक-दोन व्होल्ट दिसले तर हरकत नाही. अगदी चोख शून्य दिसलं तर मात्र प्लेट उघडून बघा. काही वायरमन सॉकेटच्या आतच न्यूट्रलवरून अर्थच्या पिनेला जंपर मारून देतात. मुंग्या थांबतात, ग्राहक खूश होतो. पण पुढे कधी त्या पॉइंटचा न्यूट्रल सुटला, तर कॅबिनेटच्या पत्र्यावर थेट २३० व्होल्ट येतात. सोळा-सतरा वर्षांचं पोर रात्री तिथे हेडफोन लावून बसलेलं असतं. असा जंपर दिसला तर मशीन जोडूच नका. वायरमनला बोलवायला सांगा, पॉइंट दुरुस्त झाल्यावर पुन्हा जा. एक फेरी वाढते हे मान्य, तरी दुसरा मार्ग नाही.

यूपीएसबद्दल थोडक्यात. बाजारातला नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॅटचा असतो. गेम चालू असताना वीज गेली तर तो काही मिनिटं सांभाळतो, गेम सेव्ह करून मशीन बंद करायला तेवढी पुरतात. त्याहून जास्त आश्वासन देऊ नका. अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचे काही सप्लाय या स्वस्त यूपीएसच्या पायऱ्यापायऱ्यांच्या लहरीवर येताच बंद पडतात. तेव्हा भार टाकून, भिंतीतला प्लग ओढून, एकदा ग्राहकासमोरच पाहा. महावितरणचा पुरवठा पावसाळ्यात जातो-येतो तेव्हा हीच चाचणी घरी होणार आहे. मुंब्रा-कळवा भागात २०२०पासून टोरंट पॉवर पुरवठा करते. बिल कोणाचंही येवो, घरातलं अर्थिंग आपणच तपासायचं.

आता रॅमकडे वळू. १६ जीबीची एकच स्टिक घ्यावी की ८-८च्या दोन? एरवी आपण डोळे मिटून दोन सांगत आलो. सध्याच्या भावात मी पहिल्या पीसीला एकच १६ जीबी डीडीआर५ स्टिक सुचवेन आणि दुसरी खाच रिकामी ठेवेन. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या मशीनमध्ये नुकसान होतं, पण ते सोसण्याजोगं असतं. डीडीआर५च्या ८ जीबी स्टिकमध्ये बँक ग्रुप कमी असल्याने त्या तशाही मागेच पडतात. भाव उतरले की पोरगा दुसरी स्टिक घेऊन येईल. मात्र ५६००जी किंवा ८६००जीसारख्या अंगच्या ग्राफिक्सच्या प्रोसेसरवर मशीन बांधत असाल, तर एकाच स्टिकवर ते देऊ नका. तिथे ग्राफिक्सची मेमरी हीच रॅम असते आणि सिंगल चॅनलवर गेमचा वेग कोसळतो. आणि बायोसमध्ये एक्सपो किंवा एक्सएमपी चालू करूनच मशीन हातात द्या. ६००० लिहिलेली रॅम ४८००वर चालत राहिलेली मशीनं सर्व्हिसला येतात, तेव्हा वाईट वाटतं.

प्रोसेसरवर वाद घालत बसण्यात अर्थ नाही. या बजेटमधले दोन्ही कंपन्यांचे सहा कोअरचे प्रोसेसर काम करतात. फक्त एक आग्रह आहे. एफ अक्षराचे प्रोसेसर थोडे स्वस्त मिळतात, कारण त्यांत अंगचं ग्राफिक्स नसतं. ग्राफिक्स कार्ड वॉरंटीला गेलं की ते परत येईपर्यंत तो पीसी आंधळा होतो, आणि ज्या घरात दुसरा संगणक नाही तिथे मुलाचा अभ्यासही अडतो. पहिल्या पीसीला साधा ७६०० घ्यायला सांगा. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले प्रोसेसर देत असाल तर बायोस अद्ययावत करूनच द्या. २०२४मध्ये त्यांतल्या अनेकांचं अस्थिर होणं उघड झालं, इंटेलला मायक्रोकोड बदलावा लागला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली.

कार्ड ठरवण्याआधी मॉनिटर विचारा. घरात ६० हर्ट्झचा जुना मॉनिटर असेल आणि मुलगा व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २च खेळणार असेल, तर कार्डावरचे काही हजार काढून १४४ किंवा १८० हर्ट्झच्या पडद्यावर लावले की त्याला पहिल्याच दिवशी फरक दिसतो. कथेचे मोठे खेळ खेळणारा असेल तर उलट. तिथे कार्डाची मेमरी महत्त्वाची, आणि ८ जीबीत आता ओढाताण होऊ लागली आहे.

‘आय-७, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स, गेमिंग पीसी’ अशा जाहिरातींवर ठाणे-कल्याण पट्ट्यात आजही मशीनं विकली जातात. आतला आय-७ २६०० हा २०११चा असतो किंवा ३७७० हा २०१२चा, बोर्ड एच६१ चिपसेटचा निनावी, कार्ड जीटी ७३० म्हणजे २०१४चं. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला या प्रोसेसरची अधिकृत मान्यता नाही, आणि विंडोज ११वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट नसेल तर व्हॅलोरंट सुरूच होत नाही. ज्या खेळासाठी पीसी घेतला तोच चालला नाही, तर ते कुटुंब पुन्हा कुठल्याच असेंबलरच्या दारात येत नाही. जुनी मशीनं विकायला माझी हरकत नाही; ऑफिसच्या कामाला, शाळेच्या अभ्यासाला ती चांगली आहेत. त्यांवर ‘गेमिंग’ लिहायला हरकत आहे, आणि पिढी न लिहिता नुसतं ‘आय-७’ लिहायलाही.

कॅबिनेट निवडताना आपली हवा लक्षात घ्या. पुढून काचेने बंद केलेल्या कॅबिनेटला पंखे कितीही असोत, हवा आत येते ती फटीतून. जाळीचं तोंड असलेलं घ्या. खाडीकाठचा दमटपणा आणि धूळ एकत्र आली की बोर्डावर चिकट थर बसतो. नाल्याला लागून असलेल्या घरांत एसीच्या तांब्याच्या कॉइलला लवकर गळती लागते, हे कुठलाही एसी मेकॅनिक सांगेल. तोच गंधकाचा वायू बोर्डावरच्या तांब्याला आणि छोट्या रेझिस्टरमधल्या चांदीलाही सोडत नाही. अशा घरी वॉरंटीची वर्षं जास्त असलेला बोर्ड द्या आणि वर्षातून दोनदा साफसफाईचं ठरवून टाका. वालधुनीकाठच्या तळमजल्यांवर कॅबिनेट आणि एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर ठेवूच नका. २६ जुलै २००५चं पाणी तिथल्या लोकांना अजून आठवतं.

मुलाला स्वतः जोडायचं असेल तर जोडू द्या. ‘स्वतः जोडलं तर वॉरंटी नाही’ असं सांगून त्याला घाबरवणारे दुकानदार आहेत. ते खोटं आहे. वॉरंटी प्रत्येक पार्टची, सीरियल नंबरवर आणि पक्क्या बिलावर चालते. कच्च्या बिलावर अठरा टक्के जीएसटी वाचवलेल्या ग्राहकाला मात्र ती दाखवायला कागदच उरत नाही. सॉकेटच्या वाकलेल्या पिना कुठल्याच वॉरंटीत बसत नाहीत, म्हणून बोर्डाचं खोकं त्याच्यासमोर उघडा, पिनांचा फोटो काढा, प्रोसेसर काउंटरवरच बसवून द्या. बाकीचं त्याला घरी करू द्या आणि संध्याकाळी फोन उचला. दादरला गाडी बदलून, ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलेल्या डोंबिवलीकराला हजार रुपये स्वस्त मिळतील. बंद निघालेला बोर्ड घेऊन त्याच गर्दीतून परत जायचं झालं की त्याला आपल्या दुकानाची किंमत कळते.

या अंकाच्या मधल्या पानावर कोटेशनचा कोरा नमुना दिला आहे. झेरॉक्स काढून वापरा, हवा तर आपल्या दुकानाचं नाव वर छापून घ्या. प्रत्येक पार्टसमोर कंपनी, पूर्ण मॉडेल नंबर आणि वॉरंटीची वर्षं असे तीन रकाने आहेत. एसएमपीएससमोर १२ व्होल्टचे अँपियर लिहायला चौथा. अर्थिंगच्या तीन मापांची ओळ सर्वांत वर, प्रोसेसरच्याही आधी ठेवली आहे.