मियाटाला कुठलं डिफ?

इथे अमेरिकेत जुनी मियाटा घेतली की महिन्याभरात डोक्यात एकच किडा वळवळतो: एलएसडी! (नशेचं नव्हे हो, लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल.) साधं डिफ मागच्या दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतं. वळणात आतलं चाक हलकं होऊन घसरलं की बाहेरच्या भक्कम चाकालाही तेवढाच फुटकळ टॉर्क! इंजिन नुसतं ओरडतं.

मग कोणीतरी टू-वे क्लचवालं गळ्यात मारतं. रेसवाले लावतात म्हणजे भारीच असणार ना? पण टू-वे म्हणजे ॲक्सिलरेटर सोडला तरी आवळलेलंच. वळणात शिरताना गाडी सरळच जायला बघते. वर पार्किंगमध्ये कटकट, तेल वारंवार बदला, प्लेटा झिजल्या की परत उघडा.

माझं मत विचाराल तर रोजच्या गाडीला गिअरवालं टॉर्सन. माझदानेच १९९४ पासून १.८ लिटरला ते पर्याय म्हणून दिलं. आधी व्हिस्कस होतं. टॉर्सन घसरणाऱ्या चाकाच्या काही पट टॉर्क दुसऱ्याला देतं. आता चाक हवेतच गेलं तर शून्याची पट शून्यच! ट्रॅकवर चाक उचलत असाल तर दीड-वे क्लच घ्या, खुशाल.

एक मात्र आहे. ओल्या रस्त्यावर एलएसडीने दोन्ही चाकं एकदम सुटू शकतात, की शेपूट बाहेर. टायर गुळगुळीत असतील तर पैसे आधी तिकडे.

आणि १.६ वाल्यांनो, तुमचं डिफ मुळात लहान. मोडीत निघालेल्या १.८ चं अख्खं टॉर्सन, हाफ-शाफ्टसकट, मिळतंय का बघा.