प्रश्न उद्भवत नाही

विधानसभेची प्रश्नोत्तरं वाचायचा मला नाद आहे. तारांकित प्रश्नाला उत्तर तोंडी, अतारांकिताला लेखी. दोन्हींत ते शोधावं मात्र लागतं.

समजा, आमदारांनी विचारलं, 'अमुक अंगणवाडीचे छप्पर उडाले, हे खरे आहे काय? असल्यास, कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय?' मंत्रिमहोदय सांगणार, 'हे अंशतः खरे आहे. चौकशी सुरू आहे. विलंबाचा प्रश्न उद्भवत नाही.' छप्पर अंशतः उडालं म्हणजे पाऊसही अंशतःच पडत असणार!

अहो, अंगणवाडीत पोर बसतं तीन ते सहा वर्षांपर्यंत. चौकशी संपेतो ते शाळेत जातं. तिथल्या मास्तरांच्या रिक्त पदाची चौकशी संपेतो त्याला मिसरूड फुटतं आणि ते पोलीसभरतीच्या रांगेत उभं राहतं. पदं तिथंही रिक्त. 'भरण्याची कार्यवाही सुरू आहे!'

बालविकास योजना सुरू झाली २ ऑक्टोबर १९७५ ला, शिक्षणहक्क कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० ला. हक्काला तारीख आहे, उत्तरालाच नाही. माझं म्हणणं एवढंच, की प्रत्येक 'सुरू आहे'पुढे 'केव्हा संपेल' तेही छापा.

चौथीतल्या पोरानं पेपरात 'प्रश्न उद्भवत नाही' लिहिलं, तर मास्तर, असलेच तर, भोपळा देतात. मंत्र्यांनी म्हटलं, की पुढचा प्रश्न पुकारला जातो.