विद्येची कुदळ



विद्यापीठात प्राचीन इतिहास किंवा पुरातत्त्व हा विषय घेतलेली आपली मुले एके दिवशी घरी सांगतात की, काही आठवडे उत्खननाच्या छावणीत राहावयाचे आहे, उन्हात माती खणावयाची आहे. अशा वेळी आपल्या घरांतून एक प्रश्न हमखास निघतो : "आमच्या बापजाद्यांनी दुसऱ्याच्या हुकमाने जन्मभर माती उपसली. तुला शिकविले ते पुन्हा कुदळ धरण्यासाठी काय?" हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हे. त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वेठीचे दुःख आहे. म्हणूनच त्याचे उत्तर विचारपूर्वक दिले पाहिजे.

वेठीत हात आपले असतात आणि निर्णय दुसऱ्याचा असतो. उत्खननाच्या शिक्षणात कोठे खणावयाचे, कोठे थांबावयाचे आणि जे सापडले त्याचा अर्थ काय, हे ठरविण्याची विद्या मिळते. आणि ती केवळ ग्रंथ वाचून मिळत नाही. १९४४ साली मॉर्टिमर व्हीलर हे भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले. त्याच वर्षी त्यांनी आज पाकिस्तानात असलेल्या तक्षशिलेस प्रशिक्षण-वर्ग भरविला व विद्यापीठांतून आलेल्या तरुणांना प्रत्यक्ष चरात उतरविले. स्वतंत्र भारतात पुढे नावारूपास आलेले बी. बी. लाल यांच्यासारखे उत्खननकार तेथेच तयार झाले.

अशा वर्गात विद्यार्थी काय शिकतो? जमिनीवर चौरस आखणे, दोन चौरसांमध्ये न खणलेला बांध राखणे, कुदळीनंतर थापी व कुंचला घेऊन एकेक थर उकलणे, माती चाळणे, खापरे धुऊन त्यांवर क्रमांक घालणे, चराच्या भिंतीत दिसणारे थर मापून कागदावर उतरविणे आणि दररोज संध्याकाळी नोंदवही पुरी करणे.

वकिलीच्या धंद्यात असल्यामुळे मला या कामात कोर्टातील पुराव्याचा न्याय दिसतो. कोणती वस्तू कोठे, कोणाला, कोणत्या स्थितीत मिळाली याचा पंचनामा नसेल, तर ती वस्तू कोर्टात मुकी ठरते. खापराचेही तसेच आहे. थरातून उचलून खिशात घातलेले खापर हा नुसता मातीचा तुकडा होय. थराच्या नोंदीसह ठेवलेले खापर हा साक्षीदार होय. आणि हा साक्षीदार एकदाच साक्ष देतो. खणलेला थर पुन्हा खणता येत नाही. चुकीच्या हाताने केलेले उत्खनन म्हणजे पुराव्याचा कायमचा नाश होय.

या साक्षीची किंमत पाहावयाची असेल तर पुणे जिल्ह्यातील, घोड नदीच्या काठच्या इनामगावकडे पाहा. तेथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले. इ. स. पूर्व १६०० ते ७०० च्या सुमारास तेथे नांदलेल्या शेतकऱ्यांची शंभराहून अधिक घरे, चुली, धान्य साठविण्याच्या जागा, पाण्याचा पाट आणि घराच्या जमिनीखाली मातीच्या कुंभांत पुरलेली बालके उजेडात आली. या लोकांविषयी कोणत्याही पोथीत एक ओळही नाही. ज्यांच्याविषयी कोणी लिहिले नाही, त्यांची बखर जमिनीत असते. ती वाचता येणारी माणसे मात्र तयार करावी लागतात.

भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व खाते यांनी मिळून उत्खनन केले. जगन्नाथ टेकडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकाडात प्राचीन स्तूपाचे अवशेष निघाले. लोक शतकानुशतके ज्या टेकाडावरून ये-जा करीत होते, त्याची खरी ओळख शास्त्रशुद्ध उत्खननाने पटविली.

परंतु येथेच एक इशारा देणे मला अगत्याचे वाटते. आपल्याला हवे तेच सापडावे म्हणून जो चरात उतरतो, तो पढविलेला साक्षीदार होय. उलटतपासणीत तो टिकत नाही. प्रत्येक टेकाडाखाली स्तूप नसतो. इनामगावच्या थरांत कोणाची जात लिहिलेली नाही. जे निघेल ते मान्य करण्याची तयारी नसेल, तर आपण इतरांच्या दंतकथांना आव्हान देऊन केवळ आपली दंतकथा उभी करू. आपल्याला दंतकथा नको आहे, पुरावा हवा आहे.

कायदाही ध्यानात ठेवा. १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्याने संरक्षित जागी परवान्याविना कोणालाही उत्खनन करता येत नाही. शेतात विहीर खणताना पुरलेले धन सापडले, तर १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाच्या निधीची लेखी वर्दी कलेक्टरास द्यावी लागते. जुनी मूर्ती वा शिलालेख दिसला तर तो हलवू नका, धुऊन रंगवू नका, तहसीलदारास कळवा.

आता विद्यापीठांकडे आपले मागणे काय असावे? छावणीचा प्रवास, भोजन व साहित्य यांचा खर्च गरीब विद्यार्थ्याच्या वाट्यास येता कामा नये. कारण ज्या शिक्षणावाचून पदवी अपुरी राहते, ते पैशावाचून अडणे हा समान संधीचा भंग आहे. मुलींच्या निवासाची व सुरक्षिततेची सोय आधी व्हावी, मग छावणीची तारीख ठरावी. आणि गावातील जे मजूर खरी माती उपसतात, त्यांना योग्य रोजी मिळावी व त्यांची नावे अहवालात छापली जावीत. अनेकदा पहिले खापर त्यांच्याच नजरेस पडते, याची नोंद राहणे हे न्यायाचे आहे.

तेव्हा मुलगा असो वा मुलगी, छावणीस जाण्याची परवानगी मागेल तेव्हा हात आखडू नका. जाण्यापूर्वी एवढेच बजावा की, कुदळीबरोबर नोंदवहीही आपल्याच हाती ठेव. आजवर कुदळ आपल्याकडे होती आणि नोंदवही दुसऱ्याकडे. ती वाटणी बदलणे आता आपल्या हाती आहे.