सगळ्यांची तिकिटं कशाला?

दिवाळीची सुट्टी जवळ आली की कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारणा सुरू होते: यंदा सगळे मिळून कुठे? १९८९ मध्ये गोराईत एस्सेल वर्ल्ड हे मनोरंजन उद्यान सुरू झालं, तेव्हा मुंबईकर बोटीने खाडी ओलांडून तिकडे जात. २०१३ पासून खोपोलीजवळ इमॅजिका हे तसंच उद्यान आहे. मुंबई-पुण्याहून सकाळी निघून रात्री घरी परतता येतं.

प्रश्न अंतराचा नाही, चौदा तिकिटांचा आहे. आजी कशातच बसणार नाहीत, काका कंबरदुखीमुळे रोलर कोस्टरला लांबूनच हात जोडणार आणि धाकटं नातवंड उंचीच्या पट्टीला दोन बोटं कमी पडून तिथेच भोकाड पसरणार. तरी तिकिटं चौदाच, कारण ‘सगळे मिळून’ असं ठरलंय!

हा हट्ट आधी सोडावा. खोपोलीजवळच महडचा वरदविनायक आहे, अष्टविनायकांपैकी एक. ज्येष्ठांनी निवांत दर्शन घ्यावं, राइडवाल्यांनी किंचाळून घसा बसवावा आणि रात्री सगळ्यांनी एका पंगतीला बसावं. कोण कशाला घाबरलं हे तेव्हा चवीने सांगता येतं.

दिवसही आडवारचा निवडावा. शनिवार-रविवारी आणि सणाच्या दिवसांत दर बहुधा चढे असतात, रांगाही लांब. पैशांचं गणित भाऊबीजेच्या ओवाळणीआधीच मांडलेलं बरं, नाहीतर ‘राहू दे रे, मी देतो’ म्हणणाऱ्या थोरल्या भावाचाच खिसा रिकामा होतो. आणि तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा? आत नेऊ देत नाहीत. तो फाटकाबाहेर, गाडीतच फस्त करावा.